बाळंतघराचा भार

फाटकापाशी येऊन सारिका मुळीक थांबल्या. आत पाऊल न टाकता त्यांनी विचारलं, "इथनंच मोजलं तर चालंल का?"

"नाही हो, आत यावं लागेल," केतकी शेटे म्हणाली. "पंधरा मिनिटांचं काम आहे. व्हरांड्यातून चालायचं, दोन खोल्या बघायच्या. बस."

सारिकाबाई पन्नाशी ओलांडलेल्या. कुंभार गल्लीत त्यांची पिठाची गिरणी होती, आणि गिरणी सोडून तशाच आल्यामुळे भुवयांवर पीठ होतं. हातातल्या नोटिशीची घडी त्यांनी इतक्यांदा घातली होती की कागद काडेपेटीएवढा झाला होता. वाकसरी गावाच्या मतदारयादीतून संगणकाने सोडत काढून दोनशे माणसं निवडली होती. त्यात त्यांचा क्रमांक एकशे ब्याऐंशी.

"मला विचारा की सरळ," त्या म्हणाल्या. "मी सांगते, पाडा ते. मशीन कशाला लागतंय?"

"तसं सगळेच सांगतात काही ना काही. म्हणून तर मशीन आलं."

केतकी हसून म्हणाली, पण सारिकाबाई हसल्या नाहीत. त्यांनी चप्पल फाटकाबाहेर काढून ठेवली आणि आत आल्या.

वाकसरी नगरपरिषदेची ही इमारत एकोणीसशे अठ्ठावन्न सालची. मंगळुरी कौलं, लांबलचक व्हरांडा, दोन्ही टोकांना एकेक वॉर्ड आणि मध्ये प्रसूतीची खोली. कागदोपत्री नाव 'नगरपालिका प्रसूतिगृह', पण गाव म्हणायचं बाळंतघर. वाकसरीतली अर्ध्याहून जास्त माणसं याच छपराखाली जन्मली. मग बायपासला मोठी इस्पितळं झाली, इथे येणाऱ्या बायका कमी होत गेल्या, आणि दोन हजार एकतीस साली बाळंतघराला कुलूप लागलं. त्याला आता तेरा वर्षं झाली होती. बस स्थानकाला विजेवरच्या गाड्यांसाठी जागा पुरत नव्हती, आणि स्थानकाला लागून हा एवढाच मोकळा भूखंड होता. इमारत पाडून तिथे चार्जिंगचे फलाट बांधावेत असा प्रस्ताव सभेपुढे आला होता.

पूर्वी अशा प्रस्तावावर हरकती मागवायचे. दहा माणसं अर्ज करायची, त्यातली सात एकाच घरातली असायची, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं म्हणणं खरं ठरायचं. तीन वर्षांपूर्वी राज्यात नवा कायदा आला. पन्नास वर्षांवरची कोणतीही सार्वजनिक वास्तू पाडण्याआधी गावाच्या मनात तिचा भार किती आहे ते मोजायचं. सोडतीतल्या लोकांची सरासरी चाळीस किंवा वर आली, तर ती वास्तू पाडता येत नाही.

केतकीने सारिकाबाईंच्या डोक्यावर टोपी चढवली. दिसायला ती क्रिकेटच्या हेल्मेटसारखी, पण वजनाला हलकी. आतून तांदळाच्या दाण्याएवढ्या शेकडो काचेच्या कुप्या, आणि प्रत्येक कुपीत रुबिडियम या धातूची वाफ. मेंदूतल्या पेशी काम करतात तेव्हा विजेचा बारीकसा प्रवाह वाहतो, आणि प्रवाह म्हटला की चुंबकीय क्षेत्र आलंच. हे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या अब्जाव्या हिश्शाएवढं क्षीण असतं. पण रुबिडियमचे अणू एवढ्याशा ओढीनेही डुलतात, आणि कुपीतून जाणारा लेसरचा किरण ते डुलणं टिपून घेतो.

टिपायचं असतं ते मेंदूच्या आतल्या एका छोट्या भागातलं. हिप्पोकॅम्पस म्हणतात त्याला, आकार समुद्रघोड्यासारखा. त्यात जागा ओळखणाऱ्या पेशी असतात. ओट्यापाशी उभं राहिलं की काही पेशी पेटतात, उंबऱ्यापाशी दुसऱ्या. आणि जिथे आयुष्यातलं काही घडून गेलेलं असतं, तिथे त्या एकट्या पेटत नाहीत. वास, आवाज, भीती, आनंद सांभाळणारे शेजारचे भागही बरोबर जागे होतात. प्रत्येक माणसाची एक नोंद आधी पाणीपुरवठ्याच्या नव्या, कुणीच न पाहिलेल्या गोदामात घेतलेली असायची. दोन नोंदींची तुलना केली की शून्य ते शंभरमधला एक आकडा मिळायचा. तोच स्थळभार.

सारिकाबाई व्हरांड्यातून चालू लागल्या. केतकी हातातल्या पडद्याकडे बघत मागे चालली होती. पहिल्या वॉर्डाशी आकडा साठवर गेला. प्रसूतीच्या खोलीच्या दारात सारिकाबाई थांबल्या. आत गेल्या नाहीत. दाराच्या चौकटीला हातही लावला नाही. नुसत्या उभ्या राहिल्या आणि समोरच्या खिडकीकडे बघत राहिल्या.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं," केतकी म्हणाली. पडद्यावर शहाण्णव होते. एकशे एक्क्याऐंशी माणसांत कुणाचाही भार ब्याऐंशीच्या वर गेला नव्हता.

*

केतकीची आई, शैलजा शेटे, पस्तीस वर्षं या बाळंतघरात सिस्टर होती. वडील लवकर गेल्यामुळे केतकीचं बालपणही तिथेच गेलं. शाळा सुटली की ती दप्तरासकट बाळंतघरात यायची आणि औषधांच्या खिडकीखालच्या बाकावर बसून अभ्यास करायची. फिनेलचा वास, उकळत्या पाण्यात खळखळणारी कात्रीचिमट्यांची भांडी, डब्यातून येणारा मेथीच्या लाडवांचा आणि ओव्याच्या धुरीचा वास. आतून कण्हण्याचे आवाज यायचे तेव्हा ती मोठ्याने पाढे म्हणायची. मग अचानक एक नवा, बारीक आवाज उठायचा, आणि व्हरांड्यात उकिडवे बसलेले आजोबा, काका, बाप सगळे एकदम उभे राहायचे. थोड्या वेळाने आई बाहेर यायची, पदराने कपाळ पुसत, आणि म्हणायची, "कोण आहे मुळगावकरांचं? या पुढं." केतकीला वाटायचं, सगळ्या जगात बाळं तिची आईच वाटते.

म्हणूनच मोजणीचं काम अंगावर घेण्याआधी तिने मुख्याधिकारी सबनीस मॅडमना लेखी कळवलं होतं, की माझी आई इथे नोकरीला होती आणि 'बाळंतघर वाचवा' समितीत तीच पुढे आहे. मॅडम म्हणाल्या होत्या, "वाकसरीत टोपी हाताळायचं प्रशिक्षण तुमच्याशिवाय कुणाला नाही. आकडा मशीन काढतं. तुमच्या आईंचं नाव सोडतीतून वगळू, म्हणजे झालं."

त्या संध्याकाळी घरी समितीची तीन-चार माणसं बसली होती. ती गेल्यावर आईने विचारलं, "आज कितीजण झाले?"

"आई, तुला आकडे सांगता येत नाहीत मला."

"आकडे नको सांगू. तोंड बघून कळतं मला. बरं चाललंय."

आई एकाहत्तर वर्षांची होती. गुडघे धरलेले, पण बाळंतघराचा विषय निघाला की ती ताठ बसायची. तिला तिथे संग्रहालय करायचं होतं. जुना वजनकाटा, जन्मांची पाटी, तिच्या आधीच्या सिस्टरांचे फोटो. जागासुद्धा तिने ठरवून ठेवल्या होत्या.

"लोकांना स्वतःचा जन्म आठवत नाही गं," ती म्हणाली. "म्हणून तर जागा राहायला हवी. आनंदाची जागा आहे ती. गावात अशा जागा किती असतात?"

केतकीच्या डोळ्यांपुढे प्रसूतीच्या खोलीच्या दारात उभ्या राहिलेल्या सारिकाबाई आल्या.

*

दहा दिवसांनी मोजणी संपली. दोनशे जणांची सरासरी आली चाळीस पूर्णांक एक दशांश.

केतकीने ती तीनदा तपासली. ज्या तरुण मुलांचा जन्म तिथे झाला होता, त्यांचे भार अगदी कमी होते. त्यांच्या मेंदूला ती इमारत म्हणजे स्थानकाशेजारचं एक बंद घर. पन्नाशी-साठीच्या बायकांनी सरासरी वर ओढली होती. आणि एकशे ब्याऐंशी क्रमांक काढून टाकला, तर आकडा एकोणचाळीस पूर्णांक आठवर येत होता.

म्हणजे ज्या बाईने 'पाडा ते' म्हणून सांगितलं, तिच्याच मेंदूने बाळंतघर वाचवलं होतं.

नियमपुस्तिकेत एक ओळ होती, प्रशिक्षणात ती सगळ्यांनी वाचली होती आणि कुणी मनावर घेतली नव्हती: भाराचा अर्थ जिव्हाळा असा घेऊ नये. जागा खोल रुजलेली आहे एवढंच टोपीला कळतं. का रुजली आहे ते कळत नाही. आणि दुसरी एक तरतूद होती. मोजणी झाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत कोणालाही आपली नोंद मागे घेता येते. त्याबद्दलची माहिती मागितल्यास द्यावी.

"मागितल्यास," सबनीस मॅडम म्हणाल्या. "त्यांनी मागितली का?"

"नाही. पण त्यांना असं काही असतं हेच माहीत नाही."

"मग तुम्ही सांगितलं नाही तरी तुमची चूक नाही." मॅडमनी चष्मा काढला. "आणि सांगितलं तरी नाही. केतकी, मी बदलीवर आलेली बाई. मला तुमचं बाळंतघर काय आणि चार्जिंगचे फलाट काय. तुम्हाला या गावात राहायचंय. तुमचं तुम्ही ठरवा."

केतकीने दोन दिवस ठरवलं नाही. दोन्ही दिवस आईने विचारलं नाही, पण सकाळी उठल्यापासून ती गुणगुणत होती. भिंतीवरचे जुने फोटो उतरवून त्यांच्या काचा पुसत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी केतकी कुंभार गल्लीत गेली.

गिरणीचा पट्टा बंद होता. सारिकाबाई डब्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवत होत्या. केतकीने त्यांना नियम सांगितला. तुमची नोंद मागे घेता येते, अजून तीन दिवस आहेत. नोंद राहिली तर इमारत राहील, काढली तर बहुधा पडेल.

"माझ्या एकटीमुळं?"

"तुमच्या एकटीमुळं नाही. पण तुमच्याशिवाय चाळीस होत नाहीत."

सारिकाबाईंनी हात झटकले. पिठाचा ढग उठला आणि खाली बसला.

"माझं पयलं बाळ तिथं गेलं," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीच्याच पट्टीत होता, दळणाचा भाव सांगावा तसा. "बारा साली. मी बावीस वर्षांची. पोरगी होती म्हणं. मला दाखवलीच न्हाई. सिस्टरनी पडदा वढला आनि पडद्यामागनंच घेऊन गेली. मालक आनि सासरं पुरून आलं नदीकडंला. सासूबाई म्हनल्या, विसर आता. पुढचा पोरगा मी म्हायेरी जाऊन बाळंत झाले. तिथनं रस्ता जातो ना स्थानकाचा, मी अजून वरच्या गल्लीनं फिरून जाते."

केतकीने सांगायचं तेच सांगितलं.

"त्या सिस्टर माझी आई असणार."

सारिकाबाईंनी तिच्याकडे बघितलं. "शेटे सिस्टर तुमची आई व्हय," त्या म्हणाल्या. "म्हंजे तुमच्या घरातनंच वाचवायचं चाललंय, आनि तुम्हीच मला हे सांगाय आलाय."

"हो."

"अर्ज कुठं मिळतो?"

केतकीने पिशवीतून काढून दिला.

*

आईने ऐकून घेतलं तेव्हा ती गवार मोडत होती. हात थांबले नाहीत.

"तू तिला सांगितलंस," ती म्हणाली. "गप्प बसली असतीस तरी चाललं असतं, आणि तू उठून सांगायला गेलीस."

"तिचा हक्क होता आई."

"आणि माझा? पस्तीस वर्षं गेली माझी तिथं. दिवाळी तिथं, तुझे वडील गेले तेव्हा तेराव्यानंतर मी तिथं. त्या बाईचं एकदाच काय ते झालं—" आई थांबली. "कोण बाई? नाव काय?"

"सारिका मुळीक. कुंभार गल्ली. दोन हजार बारा."

गवारीची शेंग आईच्या हातात अर्धी मोडलेली राहिली. तिने ती परत ताटात ठेवली. मग उठली, आत गेली, तोंड धुऊन बाहेर आली.

"श्रावणातला सोमवार," ती म्हणाली. "तुझ्याकडे किल्ली आहे ना बाळंतघराची? उद्या तिला बोलाव. येईल का बघ. नाही आली तर मी तिच्याकडे जाईन, पण आली तर बरं."

सारिकाबाई आल्या. येतील असं केतकीला वाटलं नव्हतं. सकाळचं कोवळं ऊन व्हरांड्यात आलं होतं. दोघींनी एकमेकींना नमस्कार केला नाही. आई काठी टेकत पुढे गेली, प्रसूतीच्या खोलीचं दार लोटलं, आणि मागे न बघता म्हणाली, "ये आत."

सारिकाबाई आत गेल्या. केतकी दारात थांबली.

टेबल कधीच काढून नेलेलं होतं. फरशीवर त्याच्या पायांची चार भोकं होती. आई त्यांच्यामध्ये जाऊन उभी राहिली.

"इथं तू होतीस. डोकं खिडकीकडं. दुपारचे सव्वातीन. डॉक्टर होते, त्यांनी करायचं ते सगळं केलं. मी त्यांच्या शेजारी होते. नाळेचे दोन वेढे होते गळ्याला. ते कुणाच्या हातात नव्हतं. तसं मी तेव्हाही लिहिलं आणि आजही तेच सांगेन." आईने काठी दुसऱ्या हातात घेतली. "पण तुला दाखवली नाही, ते माझ्या हातात होतं. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, दाखवू नका, पोर खचेल. तेव्हा आम्ही तसंच करत होतो. मला पटलं होतं असंही नाही. पण मी पडदा ओढला."

सारिकाबाईंनी खिडकीकडे बघितलं.

"तुमचे लोक गाडी आणायला गेले. त्यांना वीस मिनिटं लागली. तेवढा वेळ ती माझ्याकडं होती. पलीकडच्या वॉर्डात, त्या कोपऱ्यात, स्टुलावर बसले होते मी. सांगू तुला? नको असेल तर नाही सांगत."

"सांगा."

"कोमट पाण्यानं पुसली मी तिला. दोन किलो आठशे भरली. केस दाट होते, कपाळावर आलेले. कानांच्या पाळ्यांवरसुद्धा लव होती. डाव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली होती, ती मी सोडवली आणि मग वाटलं कशाला सोडवली, म्हणून परत मिटवली. दुपट्यात गुंडाळली. गावातल्या बायका जुनी टोपडी आणून द्यायच्या आमच्याकडं, त्यातलं एक हिरवं होतं, ते घातलं. गरज नव्हती त्याची. पण घातलं."

"नाक कसं व्हतं?"

"नाकाचं नाही सांगता येत बाळा. पहिल्या दिवशी सगळ्यांची सारखीच असतात. हनुवटी तुझी होती. खाली खळी पडलेली, ही अशी."

आईने स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवलं. सारिकाबाईंचा हात आपोआप वर गेला आणि स्वतःच्या हनुवटीपाशी थांबला. मग त्या खाली बसल्या, त्या चार भोकांच्या मध्ये, फरशीवर. आई गुडघे दुखत असताना काठीच्या आधाराने त्यांच्याशेजारी बसली. केतकीने दार ओढून घेतलं आणि व्हरांड्यातल्या तिच्या जुन्या बाकाच्या जागी जाऊन उभी राहिली. बाक नव्हता. आतून आवाज येत होते, कधी एकीचा, कधी दुसरीचा. शब्द कळत नव्हते. लहानपणी अशा वेळी ती पाढे म्हणायची, हे तिला आठवलं, पण तिने म्हटले नाहीत. ऐकत राहिली.

*

पंधराव्या दिवशी दुपारी सारिकाबाई नगरपरिषदेत आल्या आणि अर्ज केतकीच्या टेबलावर ठेवला. सही केलेली होती.

केतकीने अर्ज वाचला. तिला वाटलं होतं तसं झालं नव्हतं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं असावं.

"सिस्टर भल्या हायती," सारिकाबाई म्हणाल्या. "रागानं न्हाई हे. बत्तीस वर्षं मला वाटायचं, त्या भिंतीत माझं काय तरी अडकलंय. आता ते माझ्याजवळ आलं. सिस्टरनी दिलं. मग भिंती कशाला ठेवायच्या? गाड्यास्नी जागा पायजे, तर हुं द्या."

"आईला सांगू?"

"मीच सांगितलंय मघाशी. तुमच्या घरनंच आले."

सभेत प्रस्ताव आला तेव्हा आई प्रेक्षकांच्या बाकावर बसली होती. सबनीस मॅडमनी आकडा वाचला, एकोणचाळीस पूर्णांक आठ. एक नगरसेवक उठून म्हणाले, दोन दशांशाचं काय एवढं, चाळीसच धरा की. मॅडम म्हणाल्या, नियमात तशी सोय नाही. मग मतदान झालं. सतरा विरुद्ध आठ. समितीच्या लोकांनी आईकडे बघितलं. आईने मान हलवली आणि काठी शोधू लागली.

केतकीने त्या महिन्यात राज्यभरच्या मोजण्या बघणाऱ्या संचालनालयाला एक लांब पत्र लिहिलं. नोंद मागे घेता येते हे प्रत्येकाला आधीच सांगावं, आणि भार मोजल्यावर माणसाला 'का' हेही विचारावं, असं तिचं म्हणणं होतं. उत्तर आलं नाही. पण तिने वाकसरीपुरता तो प्रघात स्वतःच सुरू केला.

पाडकामाच्या दिवशी गाव जमलं. आधी कौलं उतरवली, मग वासे. आईसाठी कुणीतरी रस्त्यापलीकडे खुर्ची आणून ठेवली होती. ती रडेल अशी केतकीला धास्ती होती. पण तिला रडायला सवड मिळाली नाही. मुळीकांच्या मुलीची गोष्ट गावात पसरली होती, आणि माणसं एकेक करून खुर्चीपाशी येत होती. एक जाडजूड मिशीवाला ट्रकमालक, एक कॉलेजात शिकवणारी बाई, दोन जुळे भाऊ.

"सिस्टर, मी कसा होतो?"

"आईचं नाव सांग आधी." आई डोळे बारीक करायची. "हां. तू अडीच किलोचा. रडलास उशिरा. मी दोन चापट्या मारल्या तेव्हा रडलास, आणि मग थांबेचनास."

सगळ्यांचं आठवत नव्हतंच. हजारो बाळं होती ती. आठवत नसेल तिथे ती सरळ सांगायची, नाही बाबा आठवत, पण तुझी आई धीराची होती एवढं आठवतं. त्यावरही माणसं खूश होऊन जायची. टोपीखाली ज्यांचा भार दहा-बारा आला होता, तीच माणसं रांगेत उभी होती, हे केतकीने पाहिलं. दुपारपर्यंत भिंती खाली आल्या. धूळ बसली, तेव्हा पलीकडचं बस स्थानक थेट दिसू लागलं.

नंतर महिनाभर आई गप्पच होती. काचा पुसलेले फोटो तिने परत भिंतीवर लावले, पण त्यांच्याकडे बघत नसे. दुपारी झोपायची, संध्याकाळी दार लोटून बसायची. केतकीला वाटू लागलं की त्या दिवशी गिरणीत जाऊन आपण आईचं काहीतरी कायमचं काढून घेतलं.

एका रविवारी दुपारी दारात सारिकाबाई आल्या. बरोबर एक तरुण मुलगी होती, नाजूक, दिवस भरत आलेली, चालताना कंबरेवर हात ठेवणारी.

"सून," सारिकाबाई म्हणाल्या. "तृप्ती. बायपासच्या हास्पिटलात नाव घातलंय. डाक्टर चांगले हायती, मशिनी हायती, समदं हाय. पन आमच्यात जुनं मानूस कोन न्हाई. माझ्यानं त्या खोलीत उभं राहवणार न्हाई, मला म्हाईत हाय. तर म्हनलं, सिस्टर येतील का बघावं. नुसतं हिच्याजवळ बसायला."

आई पलंगावर आडवी होती. ती उठून बसली.

"मी आता म्हातारी झाले गं," ती म्हणाली. "तिथं मला कोण आत सोडणार?"

"मी विचारलंय. सोडतील."

आईने सुनेकडे बघितलं. वरपासून खालपर्यंत, सावकाश. मग म्हणाली, "उभी का तू? बस. इथं नको, तिथं खुर्चीत, पाठ टेकून. पाय बघू. सुजतात का संध्याकाळचे? अंगठी घट्ट होते का बोटात? रक्तदाब कधी बघितला शेवटचा? केतकी, पाणी आण हिला, माठातलं, आणि माझा चष्मा कुठंय?"

केतकी पाणी आणायला आत गेली. माठापाशी उभी राहून तिने पेला भरला, आणि बाहेर आईचे प्रश्न एकामागून एक ऐकू येत राहिले, ताठ, स्वच्छ, ड्यूटीवरच्या आवाजात.